क्वाक्वाकावाक्व लोकांचे लाकडी मुखवटे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हँकुव्हरला राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात आईबाबा येतात, मावशी-काका येतात, आणि फिरायच्या यादीत कधी ना कधी अलर्ट बे या क्वाक्वाकावाक्व लोकांच्या गावाचं नाव निघतं. तिथले मुखवटे बघून आलेली माणसं गप्प तरी होतात किंवा प्रश्नांची सरबत्ती तरी करतात. गेली काही वर्षं ते प्रश्न माझ्याकडे येत आहेत. मी त्या समाजातली नाही. इथे राहून, वाचून, जिथे बोलावलं तिथे बसून जे समजलं ते लिहिते आहे.

हे लोक कोण? आणि नाव उच्चारायचं कसं?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकुव्हर बेटाचा उत्तर भाग, त्याच्या आसपासची लहान बेटं आणि समोरचा खाड्यांनी चिरलेला किनारा हा यांचा मुलूख. क्वाक्वाकावाक्व म्हणजे क्वाकवाला भाषा बोलणारे. शेवटचा 'क्व' ओठ गोल करून अर्धवट सोडायचा. ही एकच जमात नाही. भाषा एक आणि जमाती बऱ्याच, प्रत्येकीचं गाव आणि उगमाची गोष्ट वेगळी. अलर्ट बेला नमगीस, फोर्ट रुपर्टला क्वागुल. जुन्या पुस्तकांत सगळ्यांना 'क्वाकिउत्ल' म्हटलेलं दिसतं. ते खरं तर फोर्ट रुपर्टवाल्यांचं नाव. सगळ्या मराठी माणसांना सरसकट कोल्हापूरकर म्हणावं, तसं ते झालं.

हे मुखवटे म्हणजे त्यांचे देव का? त्यांची पूजा होते का?

नाही. हा प्रश्न आपल्याला पहिला सुचतो, कारण आपल्याकडे देवाचे मुखवटे असतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, पालखीत बसवतात. इथे मुखवटा नाचतो, आणि तो नाचतो एखाद्या घराण्याची गोष्ट सांगायला.

नमगीस लोकांची एक गोष्ट घ्या. त्यांचा मूळ पुरुष घर बांधत होता. तुळया इतक्या अवजड की एकट्याने उचलणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात जवळच्या खडकावर गडगडाटाचा पक्षी, म्हणजे थंडरबर्ड, येऊन बसला. घर बांधणारा म्हणाला, तू माणूस असतास तर मला मदत केली असतीस. पक्ष्याने चोच वर सारली, आतून माणसाचा चेहरा दिसला, आणि त्याने तुळई जागेवर बसवून दिली. पूर्वज पक्षी, मासा किंवा श्वापद होऊन आला, मुखवटा उतरवला आणि माणूस झाला, अशा गोष्टी तिथल्या कितीतरी घराण्यांत आहेत. म्हणून मुखवटा नाचतो तेव्हा पहिला पूर्वज या किनाऱ्यावर उतरला तो क्षण पुन्हा घडतो.

मग मुखवटा कोणाच्या मालकीचा? कोरणाऱ्याच्या?

सगळ्या प्रश्नांत मला हाच महत्त्वाचा वाटतो. लाकूड कोरणारा कारागीर असतो, त्याला मोबदला मिळतो, त्याचं नाव होतं. पण तो विशिष्ट मुखवटा नाचवण्याचा हक्क घराण्याचा. आणि हक्क नुसत्या लाकडावर नसतो. त्यासोबत गाणं असतं, नाच असतो, नाव असतं, गोष्ट असते. हे सगळं मिळून एक ठेवा होतो. तो वारशाने मिळतो, आणि लग्नातही दिला जातो: मुलीचा बाप जावयाकडे नावं, नाच, गाणी सोपवतो, ती पुढे नातवंडांसाठी.

म्हणून लाकडी मुखवटा जळाला, किडला, हरवला, तरी हक्क बुडत नाही. घराणं नवीन कोरून घेतं. आणि उलटही तितकंच खरं. कुणी पैसे मोजून मुखवटा भिंतीवर टांगला, तरी त्याच्याकडे फक्त लाकूड आलेलं असतं.

जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलेल्यांना हे पटकन समजेल. तिथेही अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे असतो, दुसऱ्याने ते उठून घ्यायचं नसतं. दोन्हीकडचे समाज वेगळे, श्रद्धा वेगळ्या, त्यामुळे तुलना मी इथेच थांबवते.

पॉटलॅच म्हणजे काय?

मुखवटे बाहेर निघतात ते या समारंभात. नाव ठेवणं, लग्न, गेलेल्या माणसाचं स्मरण, नव्या प्रमुखाने गादीवर बसणं, अशा कारणांनी घराणं बाकीच्यांना बोलावतं. पॉटलॅच हा शब्द किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी बोलीतून आला, अर्थ 'देणं'.

आपल्याकडे पाहुणा आहेर घेऊन जातो. इथे यजमान देतो. पूर्वी घोंगड्या, होड्या, माशाचं तेल, आता टॉवेल, चादरी, भांडी, साखर, पीठ, रोख पैसे. हा नुसता उदारपणा समजू नका, तो साक्षीचा मोबदला आहे. आज या मुलाला हे नाव मिळालं, हा नाच या घराण्याचा आहे, हे तुम्ही पाहिलं, म्हणून तुम्हाला दिलं. पुढे कुणी वाद काढला तर तुम्ही सांगायचं. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, त्यांचा सातबारा म्हणजे ही भरलेली सभा. मला एकदा बोलावणं आलं होतं. निघताना हातात दोन टॉवेल आणि एक कप आला, तेव्हा कळलं की आपण प्रेक्षक म्हणून बसलो नव्हतो.

लाकूड कोणतं?

मुख्यतः लाल सीडर. मराठीत काही जण त्याला देवदार म्हणतात, पण हा आपल्या हिमालयातला देवदार नव्हे. आपल्या बागेतली मोरपंखी आठवा, त्या नात्यातलं हे झाड, फक्त राक्षसी उंचीचं. लाकूड हलकं, सरळ धाग्याचं, हाताखाली मऊ, आणि इथल्या सततच्या पावसात लवकर न कुजणारं. पिवळा सीडर आणि आल्डर हीसुद्धा वापरतात.

याच झाडाची आतली साल तितकीच मोलाची. वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत झाडात रस चढलेला असतो, तेव्हा बुंध्याशी आडवी खाच घेतात आणि सालीची पट्टी दोन्ही हातांनी धरून मागे मागे सरत ओढतात. पट्टी वर निमुळती होत जाते आणि शेवटी सपकन सुटून खाली येते. एका झाडाची थोडीच साल घ्यायची, म्हणजे झाड जगतं. घेण्याआधी झाडाशी बोलायचं, त्याचे आभार मानायचे, ही जुनी रीत. जंगलात अशी एका अंगाला लांब उभा व्रण असलेली झाडं अजून उभी आहेत. ही साल कुटून, लाल रंगवून मुखवट्यांना झुलीसारखी लावतात, गळ्यातली कडी आणि डोक्यावरच्या चुंबळी वळतात.

कोरतात कसे? रंग कसले?

आधी कुऱ्हाडीने ओबड आकार, मग वाकस. वाकसाचे घाव एका ओळीत बसले की लाकडावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते. काही कारागीर ती मुद्दाम ठेवतात, काही घासून गुळगुळीत करतात. डोळे, नाकपुड्या, ओठांची कड हे सगळं वाकड्या पात्याच्या सुरीने, सुरी स्वतःकडे ओढत. आतून मुखवटा पोखरायचा, तोही पातळ, कारण तो माणसाला डोक्यावर घेऊन नाचायचं असतं.

पूर्वी काळा रंग कोळशाचा, लाल कावेचा, आणि रंग धरून ठेवायला साल्मन माशाची अंडी चघळून त्यात मिसळायचे. व्यापारी आले, तसे डब्यातले रंग आले. ते इथल्या कारागिरांनी आनंदाने उचलले, म्हणून चकचकीत रंग दिसला की मुखवटा खोटा असं समजू नका. विली सीवीड (जन्म सुमारे १८७३, निधन १९६७) हा ब्लंडन हार्बरचा थोर कारागीर एनॅमल रंग वापरायचा. डोळ्याची गोलाई तो कंपासने आखायचा. त्याच्या मुखवट्यांत बुबुळाच्या मधोमध कंपासच्या टोकाचं बारीक भोक सापडतं, त्यावरून त्याचा हात ओळखता येतो.

दोरी ओढली की उघडणारे मुखवटे कसे चालतात?

बाहेरून मोठी चोच, पंख किंवा माशाचं तोंड. ते दोन किंवा चार फाळक्यांत चिरलेलं असतं, फाळकी चामड्याच्या किंवा धातूच्या बिजागऱ्यांवर. आतून दोऱ्या निघतात, त्या नाचणाऱ्याच्या हातात. गाण्यातली नेमकी जागा आली की तो शेकोटीसमोर थांबतो, दोरी ओढतो, पक्षी फाकतो आणि आत माणसाचा चेहरा दिसतो. वर सांगितलेली 'चोच वर सारली' ती हीच. संग्रहालयात हे मुखवटे बहुधा उघडे करून ठेवलेले असतात, म्हणून एक गोष्ट हातची जाते: बंद असतानाचा तो क्षण, जेव्हा आत कोण आहे हे फक्त घराण्याला ठाऊक असतं.

हामात्सा हा नरभक्षकांचा नाच आहे, हे खरं का?

असं गोऱ्या प्रवाशांनी चघळून चघळून लिहिलं, आणि बंदी आणायला त्याचा उपयोगही झाला.

गोष्ट अशी. जगाच्या उत्तर टोकाला बाख्बाक्वालानुख्सिवे नावाचं माणूस खाणारं, अंगभर तोंडं असलेलं सत्त्व राहतं. घराण्यातला तरुण रानात जातो, त्या सत्त्वाने झपाटून परत येतो, त्याची भूक अनावर झालेली असते. लोक त्याला गाण्यांनी, नाचांनी, सालीच्या वस्त्रांनी हळूहळू माणसात आणतात. भूक माणसाला खाऊन टाकू शकते आणि समाजच त्याला सावरतो, हे त्या रात्री सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. हिवाळी विधींत याच्याइतका मानाचा नाच दुसरा नाही.

त्या सत्त्वाच्या घरचे तीन पक्षी मुखवट्यांतून येतात. एक कावळ्याच्या जातीचा रेव्हन. दुसरा वाकड्या चोचीचा. तिसरा हुखहुख, लांबलचक सरळ चोचीचा, कवटी फोडून मेंदू खाणारा. नाचणारा गुडघ्यांत वाकतो, जमिनीलगत येतो, सालीच्या झुलीत त्याचं अंग दिसेनासं होतं. मग चोच वर उठते, डावीकडे वळते, उजवीकडे वळते आणि खटाखट आपटते. लाकडावर लाकूड. समारंभाच्या इमारतीला इथे 'मोठं घर' म्हणतात; त्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या मोठ्या घरात तो आवाज बरगड्यांत जाणवतो. फोटोत तो येत नाही.

ओठांचा चंबू केलेली ती काळी बाई कोण?

झुनुक्वा. रानात राहणारी अजस्र बाई, खोल गेलेले डोळे, पाठीवर टोपली, 'हू, हू' करत येते आणि एकटी भटकणारी पोरं टोपलीत टाकून नेते. आपल्याकडे पोरांना बागुलबुवाची भीती घालतात, तशी इथे हिची. पण ही श्रीमंतही आहे. तिच्या घरी सुकवलेलं मांस, कातडी, समारंभात मोलाचे मानले जाणारे तांब्याचे पत्रे यांचे ढीग, आणि तिच्या तावडीतून सुटणारा धन घेऊन येतो. नाचात ती पेंगुळलेली असते, सगळे ज्या दिशेने फिरतात त्याच्या उलट फिरते, मध्येच झोपी जाते. लहान मुलांना ती फार आवडते.

शेजारीच हिरवट, गाल बसलेला, आकडेबाज नाकाचा मुखवटा दिसला तर तो बुक्वुस, बुडून मेलेल्यांच्या आत्म्यांशी नातं असलेला रानमाणूस. त्याने दिलेलं खायचं नाही. खाल्लं की तुम्ही त्याचे झालात.

बंदी कधी आणि कशी आली?

१८८४ साली कॅनडाच्या संसदेने कायद्यात बदल करून पॉटलॅच गुन्हा ठरवला. १८८५ पासून ते लागू झालं आणि १९५१ पर्यंत टिकलं. मिशनऱ्यांना हे धर्मांतराच्या आड येतं असं वाटायचं. सरकारला पटत नव्हतं की माणूस वर्षानुवर्षं कमावून एका समारंभात सगळं वाटून कसं टाकतो. लोक लपूनछपून, हिवाळ्यात, जिथे बोटी पोहोचत नाहीत अशा गावी समारंभ करत राहिले.

१९२१ च्या डिसेंबरात डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. बातमी फुटली. सरकारचे तिथले एजंट विल्यम हॅलिडे यांनी खटले भरले. पंचेचाळीस माणसांवर आरोप ठेवले गेले. आरोप काय होते ते नीट वाचा: भाषण करणं, नाचणं, वाटायच्या वस्तू मांडणं, त्या वस्तू पाहुण्यांपर्यंत नेऊन देणं. मग सौदा पुढे ठेवला: तुमच्या गावाने सगळे मुखवटे, तांब्याचे पत्रे, खुळखुळे आणून दिले तर शिक्षा स्थगित. काहींनी आपल्या माणसांसाठी दिले. काहींनी दिले नाहीत, आणि वीसएक स्त्री-पुरुष व्हँकुव्हरजवळच्या ओकाला तुरुंगात गेले, पहिल्या गुन्ह्याला दोन महिने, दुसऱ्याला तीन.

जमा केलेला ठेवा अलर्ट बेच्या चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडला गेला. त्याचे फोटो आहेत. एकावर एक रचलेले चेहरे, कोणाचा कोणता याचा काही धरबंध नाही. न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांनी त्यातलं काही तिथूनच विकत घेतलं. बाकीचं पेट्यांत भरून ओटावाला गेलं, पुढे काही टोरांटोच्या संग्रहालयात. आदिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचे सर्वोच्च अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी काही वस्तू स्वतःकडे ठेवून घेतल्या.

मग विद्या टिकली कशी?

थोड्या हट्टी माणसांमुळे. फोर्ट रुपर्टचे मंगो मार्टिन बंदीच्या काळातही गाणी आणि कोरीवकाम विसरले नाहीत. १९५३ साली व्हिक्टोरियात त्यांनी मोठं घर बांधून उघड पॉटलॅच केला, कायद्यातून बंदी गेल्यानंतरचा पहिला जाहीर पॉटलॅच म्हणून तो ओळखला जातो. पुढच्या पिढीतले कितीतरी कारागीर त्यांच्या हाताखाली किंवा त्यांच्या शिष्यांच्या हाताखाली शिकले.

'उमिस्ता' या नावाचा अर्थ काय?

पूर्वी हल्ल्यांत माणसं पळवून नेली जात. खंडणी देऊन किंवा सोडवून आणलेली माणसं परत आली की म्हणत, त्यांना उमिस्ता लाभलं. मुखवटे परत आले तेव्हा तेच नाव संग्रहालयाला दिलं.

ओटावाच्या संग्रहालयाने ठेवा परत द्यायला संग्रहालय बांधण्याची अट घातली होती. म्हणून दोन झाली: केप मज या गावी १९७९ मध्ये आणि अलर्ट बेला उमिस्ता सांस्कृतिक केंद्र १९८० मध्ये. उमिस्तात या मुखवट्यांपुढे काच नाही. इतकी वर्षं ते कोंडले गेले, आता पुन्हा कोंडायचे नाहीत, असा त्यामागचा विचार. समारंभात ज्या क्रमाने येतात, साधारण त्याच क्रमाने ते दालनात उभे आहेत. तुम्ही मधून चालता आणि ते तुमच्याकडे बघत असतात.

इमारतीच्या बाजूला मोकळी जागा आहे. तिथे सेंट मायकेल्स ही निवासी शाळा होती, जिथे मुलांना त्यांची भाषा बोलू दिली जात नसे. २०१५ साली ती पाडली. तिथे घाई करू नका, थोडं थांबा.

काही मुखवटे जाळतात, असं ऐकलं. इतकी कला जाळायची?

आत्लाकिम नावाच्या रानातल्या सत्त्वांच्या मुखवट्यांची रीत अशी आहे: चार वेळा नाचून झाले की जाळायचे, मग नवे कोरायचे. कारागीर बो डिक (१९५५ ते २०१७) यांनी कलादालनात मांडलेले असे मुखवटे २०१२ मध्ये परत गावी नेले, नाचवले आणि जाळले. ज्या घरात दर भाद्रपदात मूर्ती येते आणि पाण्यात जाते, त्या घरातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. शिवाय जाळल्यामुळे पुढच्या पिढीला पुन्हा कोरावंच लागतं, हातातली विद्या हातात राहते.

घरी लावायला विकत घेऊ शकतो का?

हो. विक्रीसाठी वेगळे मुखवटे कोरतात, त्यावर कित्येक कारागिरांची घरं चालतात, आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही. फक्त कोरणाऱ्याचं नाव, त्याची जमात आणि मुखवट्यातली गोष्ट विचारा. सांगणारा असेल तर घ्या. मी इथे आले त्या वर्षी एका पर्यटनस्थळी स्वस्तात मुखवटा घेतला होता. घरी येऊन मागे पाहिलं, नाव नाही, गाव नाही, नुसता किमतीचा स्टिकर. आशियातून आयात केलेल्या नकला इथे सर्रास विकल्या जातात आणि खऱ्या कारागिराचं पोट मारतात.

भारतात नेलात तर पावसाळ्यात भिंतीला चिकटवून टांगू नका, मागून हवा खेळू द्या. तेल-पॉलिश काही लावू नका. थंड देशात असाल तर हीटरच्या वर नको, लाकूड तडकतं.

आमच्या मंडळाला गणेशोत्सवात या मुखवट्यांची थर्माकोलची आरास करायची आहे. चालेल?

नका करू. हेतू चांगला आहे हे मान्य, पण ज्याचा हक्क एका घराण्याच्या नावावर आहे ते आपण थर्माकोलात कापून उभं करणं हे दुसऱ्याच्या देवघरातून परस्पर उचलून आणण्यासारखं आहे. त्यापेक्षा तिथल्या नाचणाऱ्या मंडळींना रीतसर आमंत्रण द्या, मानधन द्या, आणि काय दाखवायचं ते त्यांना ठरवू द्या.

जायचं कसं? फोटो काढता येतात का?

व्हँकुव्हर बेटावर पोर्ट मॅकनीलपर्यंत गाडीने, तिथून कॉर्मोरंट बेटाची (अलर्ट बे याच बेटावर आहे) फेरी, साधारण पाऊण तास. उन्हाळ्यात मोठ्या घरात पाहुण्यांसाठी नाच होतात. वेळा आधी विचारून घ्या. जप्त होऊन परत आलेल्या ठेव्याच्या दालनात कॅमेरा खिशात ठेवा. दफनभूमीतले खांब रस्त्यावरून बघायचे, आत शिरायचं नाही.

सगळ्याच आदिवासींचे मुखवटे असे बघता येतात का?

नाही. पूर्वेकडच्या होडेनोशोनी लोकांचे जिवंत झाडावर कोरायला घेतलेले औषधी मुखवटे बाहेरच्यांनी बघू नयेत, त्यांचे फोटो छापू नयेत, विकू नयेत, असं त्यांच्या परिषदेने स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून त्यांच्याबद्दल मी इथे याहून जास्त लिहीत नाही.

जप्त केलेले सगळे मुखवटे परत आले का?

नाही. टोरांटोचे १९८८ मध्ये आले. न्यूयॉर्कला गेलेल्यांतले काही नंतर आले. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांच्या संग्रहातलं एक शिरोभूषण त्यांच्या मुलीने २००३ साली स्वतः अलर्ट बेला आणून दिलं. ब्रिटिश म्युझियमकडचा एक उघडणारा मुखवटा २००५ मध्ये आला, तोही दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. ज्यांच्या घरचा तो, त्यांनीच तो उसना घ्यायचा, हे मला अजून पचत नाही.

काही कुठल्या तरी बैठकीत, कुठल्या तरी लिलावाच्या यादीत अजून असतील. तुम्ही लंडनला असा, न्यू जर्सीला असा, जुन्या वस्तूंच्या दुकानात अलर्ट बेचा, १९२२ च्या आसपासचा असा मुखवटा दिसला, तर उमिस्ता केंद्राला कळवा. त्याचं घराणं कोणतं, हे तिथल्या माणसांना जुन्या फोटोंवरून ओळखता येऊ शकतं.